बेरीज चुकली म्हणून नोकरी सोडायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

रावेर तालुक्यातल्या ४८ वर्षांच्या एक ताई लिहितात: गावातल्या शेतकऱ्यांची केळी एकत्र करून बाहेर पाठवणाऱ्या एका संस्थेत मी १९ वर्षं हिशेब बघते. पहिली १४ वर्षं रजिस्टर होतं, गेली ५ वर्षं कॉम्प्युटर आहे. प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम मी कॅल्क्युलेटरवर काढते आणि एक्सेलमध्ये टाइप करते. एकदा फॉर्म्युला लावून बघितला होता, तर बेरीज एक-दोन रुपयांनी जुळेना, तेव्हापासून भरवसा नाही. तळाची एकूण बेरीज तेवढी फॉर्म्युल्याने होते, ती आधीच्या क्लार्कने बसवून दिलेली. या मार्चअखेरीला त्या बेरजेत १,८६,४२० रुपये कमी आले. शेवटच्या दिवशी सहा शेतकऱ्यांची नावं घाईत घातली होती, तेव्हाच काहीतरी झालं असावं. नवीन लागलेल्या २४ वर्षांच्या मुलाने एका दुपारी सगळं नीट करून दिलं. आता साहेब काहीही असलं की त्यालाच हाक मारतात. मुलगा चांगला आहे, मला काकू म्हणतो, पण त्याला विचारायची लाज वाटते. रोज रात्री दोन तास घरी कॅल्क्युलेटर घेऊन ताळा करत बसते. वार्षिक सभेच्या ३४० नोटिसाही मीच काढते, एकेक नाव बदलून. माझ्याकडे नीट दिसणारी नोटीस झेरॉक्सच्या दुकानात उघडली की ओळी इकडच्या तिकडे होतात. मिस्टर म्हणतात, सोड नोकरी. मुलगी म्हणते, जळगावला क्लास लाव. या वयात हे जमतं का?

उत्तर

ताई, नोकरीचं नंतर बोलू. आधी ती मार्चची जुनी फाइल उघडा, चुकलेली, मुलाने दुरुस्त करण्याआधीची. तळाच्या एकूण बेरजेच्या चौकोनावर क्लिक करा आणि कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एफ-२ दाबा. ज्या आकड्यांची बेरीज होते आहे त्यांच्याभोवती रंगीत चौकट उमटेल. ती कुठे संपते ते बघा. माझा अंदाज आहे की ती तुमच्या त्या सहा शेतकऱ्यांच्या अगदी वर संपत असेल. मग त्या सहा रकमा वेगळ्या मिळवा. १,८६,४२० आले तर विषय मिटला.

असं का होतं, तर बेरजेच्या फॉर्म्युल्यात ‘या ओळीपासून त्या ओळीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मधे कुठे ओळ घातली तर हद्द आपोआप वाढते. शेवटच्या नावाच्या खाली आणि बेरजेच्या वर घातली तर एक्सेल कधी हद्द वाढवतो, कधी वाढवत नाही, विशेषतः रकमा दुसरीकडून आणून चिकटवल्या असतील तर. याला अनुभवी माणसंही फसतात. हार्वर्डचे दोन नामवंत अर्थतज्ज्ञ, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. जगभर त्याचे दाखले दिले गेले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांचीच एक्सेल फाइल मागवून तपासली, तेव्हा सरासरीच्या फॉर्म्युल्यातून खालचे पाच देश सुटलेले निघाले. त्या निबंधावर आणखीही आक्षेप होते, एवढी एकच चूक नव्हती. पण सुटलेल्या ओळींची गोष्ट तुमचीच आहे, आणि ती करणाऱ्यांना कोणी ‘वय झालं’ म्हटलं नाही.

यावर माझा साधा तोडगा असा: एकूण बेरीज तळाला ठेवूच नका, वर ठेवा. पहिल्या ओळीत बेरीज, तिसऱ्या ओळीत मथळे, चौथ्या ओळीपासून शेतकरी. बेरीज चौथ्या ओळीपासून थेट दोन हजाराव्या ओळीपर्यंत लावून टाका. रिकाम्या ओळींनी बेरजेला काही होत नाही, आणि नवीन नाव यादीच्या खाली कितीही घाईत घातलं तरी ते हद्दीच्या आतच पडतं. वरच्या तीन ओळी ‘व्ह्यू’मधल्या ‘फ्रीझ पेन्स’ने पक्क्या करा, म्हणजे खाली कितीही गेलात तरी बेरीज डोळ्यांसमोर राहते. रजिस्टरची सवय असलेल्याला हे दोन दिवस उलटं वाटेल, तिसऱ्या दिवशी नाही.

आता त्या एक-दोन रुपयांबद्दल. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली, कारण तिथून पुढे तुम्ही पाच वर्षं यंत्राचं काम हाताने करत आहात. हे उदाहरण कागदावर करून बघा. १२.३५ क्विंटल, भाव १,४२५. होतात १७,५९८.७५. पैसे दाखवायचे नाहीत असं ठरवलेलं असेल तर एक्सेल दाखवतो १७,५९९. दुसरा शेतकरी: १०.२२ क्विंटल, तोच भाव, १४,५६३.५०, दिसतात १४,५६४. तुम्ही दिसणारे आकडे मिळवता: ३२,१६३. एक्सेल पोटातले आकडे मिळवतो: ३२,१६२.२५, आणि दाखवतो ३२,१६२. एक रुपया गेला कुठे? कुठेच नाही. तो दाखवतो वेगळं आणि धरतो वेगळं. तुमची बेरीज बरोबर होती, त्याचीही बरोबर होती, फक्त दोघांचे आकडे एक नव्हते. तुम्ही तो एक रुपया सोडून दिला नाहीत, याला मी हिशेबनिसाचा स्वभाव म्हणते.

उपाय राउंड नावाच्या फॉर्म्युल्यात आहे. वजन गुणिले भाव एवढंच न लिहिता बरोबरचं चिन्ह, मग राउंड, कंसात वजनाचा चौकोन गुणिले भावाचा चौकोन, स्वल्पविराम आणि शून्य, कंस बंद. आता रक्कम खरोखरच १७,५९९ होते, पोटातही आणि वरूनही. पैसे ठेवायचे असतील तर शून्याच्या जागी दोन. शेतकऱ्याला जो आकडा चेकवर जाणार तोच बेरजेत गेला पाहिजे. एका ओळीत लिहा आणि चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा. ज्या कामाला तुमची संध्याकाळ जाते ते तेवढ्यात होतं.

एक्सेलसारख्या प्रोग्रॅमचा जन्मच या त्रासातून झाला आहे. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये शिकत असताना त्याचे प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे, आणि एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ते बघून त्याला सुचलं आणि बॉब फ्रँकस्टनच्या साथीने १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं. आडव्या-उभ्या रेघांचा हिशेबाचा मोठा कागद त्याच्या आधीपासून होता, अशा प्रोग्रॅमला ‘स्प्रेडशीट’ म्हणतात, ते नावही त्या कागदावरूनच आलं. म्हणजे १४ वर्षं तुम्ही जे रजिस्टर लिहिलंत, त्याच्याच पोटी हे जन्मलेलं आहे. म्हणून ‘मला कॉम्प्युटर येत नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. तुम्हाला तक्ता येतो. त्यात आकडा टाइप करायचा की नातं सांगायचं, एवढा फरक कोणी दाखवला नाही.

तरीही डोळे मिटून भरवसा ठेवा असं मी म्हणणार नाही. ताळा सोडू नका, फक्त त्याची जागा बदला. ओळनओळ कॅल्क्युलेटरवर करण्याऐवजी तीन गोष्टी बघा. पावत्या किती आणि ओळी किती: मथळा सोडून नावांचा उभा रकाना निवडला की खिडकीच्या तळाला ‘काउंट’ येतो, तो पावत्यांच्या संख्येशी जुळला पाहिजे. मग आडवी-उभी जुळणी, जी तुम्ही रजिस्टरवर करतच होता: एकूण रक्कम वजा एकूण कपात वजा एकूण वाहतूक ही निव्वळ रकमेच्या बेरजेइतकी आली पाहिजे. आणि तिसरं म्हणजे तुमची नजर. एका घडाचं सरासरी वजन १८० किलो निघत असेल तर कुठेतरी शून्य जास्त पडलं, हे तुम्हाला बघता क्षणी कळतं. त्या मुलाला ते कळायला दोन हंगाम लागतील. दहा मिनिटांत उरकतं हे सगळं.

एक खूण लक्षात ठेवा: आकडा उजवीकडे चिकटतो, अक्षरं डावीकडे. एखादी रक्कम आपोआप डावीकडे गेली असेल, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल, तर एक्सेल तिला आकडा मानतच नाही आणि बेरजेत धरत नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा बँकेच्या यादीतून चिकटवलेल्या रकमांचं असं फार होतं. ‘२५० किलो’ असं चौकोनात लिहिलं तरी तेच. किलो मथळ्यात लिहा, चौकोनात नुसता आकडा.

याच्या उलट घोटाळा खाते क्रमांकांचा. खाते क्रमांक दिसतो आकडा, पण त्याची बेरीज कोणी करत नाही, म्हणून तो आकडा नव्हेच. एक्सेलला हे कळत नाही. तो सुरुवातीची शून्यं खातो. आधारचे १२ अंक टाकले तर १.२३ आणि पुढे ई ११ असं काहीतरी दाखवतो. १५ पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर पंधराच्या पुढचे अंक सरळ शून्य करून टाकतो, आणि ते परत येत नाहीत. आपल्याकडची खास अडचण म्हणजे सातबारा. चौकोनात ७/१२ लिहून बघा, ७ डिसेंबर होईल. गट नंबर १२/३ लिहा, १२ मार्च. आणि नंतर घाबरून त्याचा प्रकार बदलून अक्षरं केलात तर ४५९९८ सारखा भलताच आकडा येतो, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून ठेवतो आणि २०२५ च्या ७ डिसेंबरचा नंबर तो आहे. शास्त्रज्ञही याला इतके कंटाळले की २०२० मध्ये मार्च आणि सेप्ट अशी नावं असलेल्या मानवी जनुकांची नावंच बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करायचा.

म्हणून रिकामा असतानाच तो रकाना निवडायचा, राइट क्लिक करून ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘टेक्स्ट’ करायचं, आणि मगच टाइप करायचं. आधी टेक्स्ट, मग आकडे. हा क्रम उलटा झाला की उपयोग नाही. पेमेंटची यादी बँकेत पाठवता ना? मग हा रकाना आजच बघा.

एक माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगते. मी एका ऑफिसात असताना सभासदांची यादी अकारविल्हे लावायला घेतली आणि फक्त नावांचा रकाना निवडला. एक्सेलने विचारलं, शेजारचे रकानेही बरोबर घेऊ का? मी न वाचता दुसरं बटण दाबलं. नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. यादी देखणी दिसत होती, छापून गेलीसुद्धा. तीन दिवसांनी एक म्हातारी बाई दुसऱ्याची रक्कम लिहिलेला कागद घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा माझ्या हातापायातलं बळ गेलं. तेव्हापासून प्रत्येक यादीचा पहिला रकाना अनुक्रमांकाचा ठेवते, आणि क्रम लावण्याआधी फाइलची एक प्रत करते. नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, म्हणजे प्रती ओळीने लागतात. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबलं की मागे जाता येतं. मुद्दाम चार चुका करून चार वेळा मागे जाऊन बघा, भीती निम्मी होईल.

नोटिशींकडे येते. ओळी हलतात त्याचं कारण झेरॉक्सवाला नाही, स्पेसबार आहे. ‘जा. क्र.’ डावीकडे आणि ‘दिनांक’ उजवीकडे आणायला तुम्ही मधे वीस-पंचवीस वेळा स्पेस दाबत असणार. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की स्पेसची रुंदी बदलते आणि दिनांक खालच्या ओळीत जातो. वर्डमध्ये होमच्या पट्टीवर उलट्या पी-सारखं एक चिन्ह आहे, ते दाबा. तुमची प्रत्येक स्पेस ठिपका होऊन दिसेल, प्रत्येक एंटरही दिसेल. त्या ठिपक्यांच्या रांगा काढून तिथे एक ओळ, दोन चौकोनांचा तक्ता घाला, त्याच्या रेघा काढून टाका, डाव्या चौकोनात जा. क्र., उजव्यात दिनांक. हा काही केल्या हलत नाही. नवीन पानावर जायला एंटर मारत बसू नका, कंट्रोल धरून एकदाच एंटर. आणि दुकानात वर्डची फाइल नेऊच नका, ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करून न्या. तुम्हाला दिसलं तेच तिथे छापलं जातं.

नोटिसा जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर मात्र पीडीएफ ही तात्पुरती मलमपट्टी आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवीन काम युनिकोडमध्येच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरही मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, सुरू करा. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त चालू करावा लागतो. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. पंधरा दिवस बोटं अडखळतील.

आणि ३४० नावं! ताई, या कामासाठी मेल मर्ज आहे, आणि हे एक शिकलात तरी तुमचे सभेआधीचे किती दिवस वाचतील बघा. सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहेच. पहिल्या ओळीत मथळे हवेत, नाव, गाव, सभासद क्रमांक, आणि मथळ्याच्या वर काही नको, संस्थेचं मोठं नावही नको. बेरजेची ती वरची ओळ हिशेबाच्या फाइलमध्ये, ही यादी वेगळी. वर्डमध्ये नोटीस एकदाच लिहा. ‘मेलिंग्ज’मध्ये जाऊन ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून ती यादी जोडा. जिथे नाव हवं तिथे कर्सर ठेवून ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधून नाव घ्या, तसंच गाव, तसाच क्रमांक. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ दाबलं की पहिल्या सभासदाची नोटीस तयार दिसते, बाण दाबत गेलात की पुढची. पाच छापून वाचा, मग बाकीच्या. पुढच्या वर्षी फक्त तारीख आणि विषय बदलायचे.

क्लास लावायचा का? जळगावला जाऊन-येऊन दिवस जातो, आणि बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या धड्यातली काल्पनिक पगारपत्रकं करून घेतात. एमएस-सीआयटी किंवा दुसरा कुठलाही कोर्स लावण्याआधी एकच विचारा: माझ्या फाइलची नक्कल आणली तर तिच्यावर शिकवाल का? हो म्हणाले तर जरूर जा, रावेर-भुसावळमध्येही बघा. नाही म्हणाले तर पैसे ठेवा. घरी सरावाला मुलीच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस घाला, एक्सेल-वर्डसारखंच आहे आणि फुकट आहे. राउंड, बेरीज, सगळे फॉर्म्युले त्याच नावांनी चालतात. संस्थेची खरी फाइल मात्र घरी नेऊ नका, नावं आणि खाते क्रमांक बदलून वीस ओळींची नक्कल करून घ्या.

पण खरा क्लास तुमच्या शेजारच्या टेबलावर बसला आहे. तुम्हाला लाज वाटते कारण तुम्ही मनातल्या मनात त्याला ‘मला कॉम्प्युटर शिकव’ असं विचारता. असं विचारूच नका, त्याचं उत्तर त्यालाही देता येणार नाही. ‘हा राउंड खाली ओढताना भावाचा चौकोन सरकतो आहे, तो पक्का कसा करू?’ असं विचारा. दोन मिनिटांचं काम, तो आनंदाने सांगेल. (डॉलरचं चिन्ह लावायचं असतं, एफ-४ दाबलं की लागतं.) अट एकच, माउस तुमच्या हातात. तो बोलेल, तुम्ही कराल. आखाजीला मांडे करायला शिकलात तेव्हा आई-सासूबाईंनी करून दाखवले म्हणून आले का? पहिले दहा फाटले, कोपरापर्यंत चटके बसले, मग तळहातावरून मांडा खापरावर नीट पडायला लागला. घरी आलात की एका वहीत तुमच्या शब्दांत लिहून ठेवा, कुठे दाबलं आणि काय झालं. इंग्रजी नाव आठवलं नाही तरी चालेल.

आणि त्यालाही काही द्या. कोणता व्यापारी कपात कशी लावतो, कुठल्या शेतकऱ्याचं खातं मुलाच्या नावावर आहे, पावती फाटकी आली तर वजन कुठून शोधायचं, हे त्याच्या कुठल्याही कोर्सात नाही. तो काकू म्हणतो तर काकूसारखंच सांगा.

मिस्टर नोकरी सोड म्हणतात ते मला वाटतं तुमच्या रात्रीच्या दोन तासांकडे बघून म्हणतात. ते दोन तास आधी संपवा, मग पुन्हा विचारा त्यांना.

साहेबांकडे मात्र याच आठवड्यात जा. माफी मागायला नको आणि तक्रार करायलाही नको. मार्चची जुनी फाइल उघडून ठेवा, एफ-२ दाबा, रंगीत चौकट दाखवा आणि म्हणा, ‘साहेब, फरक इथे होता, या सहा ओळी फॉर्म्युल्यात आल्या नव्हत्या. आता बेरीज वर घेतली आहे, पुन्हा सुटणार नाहीत.’ त्या मुलालाही तेव्हा शेजारी बोलवा. त्याने सगळं नव्याने केलं, पण मुळात चुकलं कुठे हे बहुधा त्यालाही माहीत नसेल.